शेंगदाण्याचा रस्सा : आफ्रिकेतला आणि आपला

चतुर्थीला किंवा एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट आपण अगदी सढळ हातानं घालतो. पण हा दाणा आला कुठून, असा प्रश्न कधी पडलाय का? भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला आणि पुढे आपल्याकडेही रुजला. खिचडीतला बटाटा, एवढंच काय, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंदसुद्धा त्याच खंडातला! आपण त्यांना उपासाच्या पानात मानाची जागा दिली. आफ्रिकेतल्या गृहिणींनी दाणा थेट मटणाच्या पातेल्यात घातला.

सेनेगलमध्ये या रश्श्याला 'माफे' म्हणतात. शेजारच्या माली देशात बांबारा भाषेत त्याचं नाव 'तिगा देगे ना', म्हणजे वाटलेल्या शेंगदाण्याचा रस्सा. तिकडे तो गोमांसाचा, बोकडाचा, कोंबडीचा, जसं मिळेल तसा करतात. आपल्याकडे गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानं आणि बैल-वळूंच्या कत्तलीला २०१५ पासून बंदी आहे. शिवाय अनेक घरांत ते चालतही नाही. तेव्हा आपण बोकडाचं मटण घेऊ. चव कुठेही कमी पडत नाही.

या रश्श्याचं खरं मर्म काटकसरीत आहे. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणून थोड्या मटणात दाणे आणि भाज्या घालून मोठं कुटुंब पोटभर जेवतं. मटणाचे भाव ऐकून पिशवी तशीच परत आणायची वेळ येते ना, त्या महिन्यात हे लक्षात ठेवा.

साहित्य (पाच-सहा माणसांसाठी) : अर्धा किलो मटण, थोडं हाडासकट; भाजून सोललेले दाणे एक मोठी वाटी (साधारण १५० ग्रॅम); दोन मोठे कांदे; तीन पिकलेले टोमॅटो; सात-आठ लसूण पाकळ्या, बोटभर आलं; दोन अख्ख्या हिरव्या मिरच्या; एक रताळं, दोन गाजरं, कोबीचा एक जाड तुकडा; दोन चमचे तेल, मीठ. भाजी गावदेवी मंडईत एका फेरीत मिळून जाईल. गरम मसाला मुळीच नको. तो घातलात की रस्सा आपल्या नेहमीच्या वळणावर जातो!

कृती : दाणे मंद आचेवर खमंग भाजून, सालं पाखडून मिक्सरमधून काढा. कूट करून थांबू नका. तेल सुटून लोण्यासारखा गोळा होईपर्यंत फिरवा, कारण रवाळ कुटाचा रस्सा मिळून येत नाही. बाजारातलं पीनट बटर वापरणार असाल तर डब्यावरचं वाचून घ्या. साखर घातलेलं इथे चालत नाही.

जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर मटण तांबूस होईस्तोवर परता. कांदा, वाटलेलं आलं-लसूण आणि टोमॅटो घालून पुन्हा परता. मीठ आणि पाच कप गरम पाणी घाला, मिरच्या न चिरता सोडा. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर सव्वा ते दीड तास शिजू द्या. मग वाटीभर गरम रश्श्यात दाण्याचा गोळा कालवून तो पातेल्यात ओता. थेट टाकलात तर गुठळ्या होतात. आता भाज्यांचे मोठे तुकडे घाला आणि आणखी अर्धा तास ठेवा. या अर्ध्या तासात मात्र पातेल्यापासून लांब जाऊ नका. दाणा बुडाला धरतो, अधूनमधून तळापासून ढवळावंच लागतं. वर तांबूस तेलाचा तवंग आला, की रस्सा झाला. दाण्यात निम्मं तेलच असतं, म्हणून फोडणीला हात आखडता ठेवायचा.

गॅस वाचवायचा असेल तर मटण कुकरमध्ये शिजवून घ्या. दाण्याचं वाटण मात्र कुकर उघडल्यावरच घाला, नाहीतर तळाशी करपलंच समजा.

शाकाहारी घरांत मटणाऐवजी भिजवून शिजवलेली चवळी घाला. चवळी मूळची आफ्रिकेचीच, त्यामुळे जोडी छान जमते. आणि सोबत? तिकडे भात घेतात, पण बाजरीची भाकरी करून पाहा. बाजरी पश्चिम आफ्रिकेतून आणि ज्वारी पूर्व आफ्रिकेतून हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. म्हणजे "हे कसलं परदेशी जेवण!" म्हणून नाक मुरडणाऱ्या सासूबाईंच्या ताटातली भाकरीसुद्धा तिकडचीच. हे त्यांना गोडीनं सांगा, आणि तेही पहिला घास खाऊन झाल्यावर!

आता एक गोष्ट चवीपेक्षा महत्त्वाची. ठाण्याच्या पावसाळी दमट हवेत दाण्यांना बुरशी लवकर धरते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. कारण शोधता त्यांच्या खाद्यातली भुईमुगाची पेंड बुरशीची निघाली. त्यातूनच 'अफ्लाटॉक्सिन' हे विष माहीत झालं. ते यकृताला घातक असतं, दीर्घकाळ पोटात गेलं तर कर्करोगाचा धोका वाढतो, आणि भाजल्यानं ते पुरतं नाहीसं होत नाही. तेव्हा "थोडा वास येतोय, भाजले की जाईल" हा हिशेब सोडा. काळपट, सुरकुतलेले, कुबट दाणे निवडून फेकून द्या. पावसाळ्यात लागतील तेवढेच आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कूट करून ठेवायची सवय असेल तर ते फ्रिजमध्ये ठेवा.

आणि पाहुण्यांना वाढण्यापूर्वी, विशेषतः लहान मुलं असतील तर, "दाणे चालतात ना?" एवढं विचाराच. काहींना दाण्याची अ‍ॅलर्जी असते. ओठ सुजणं, श्वास अडकणं इथपर्यंत मजल जाते, आणि या रश्श्यात दाणा डोळ्यांना दिसत नाही.

उरला तर दुसऱ्या दिवशी रस्सा आळून घट्ट होतो. गरम पाणी घालून सैल करा, मंद आचेवर उकळी आणा. मुरलेली चव पहिल्या दिवसापेक्षा सरस लागते, म्हणून रविवारी करायचा असेल तर शनिवारी रात्रीच करून फ्रिजमध्ये ठेवलात तरी हरकत नाही.