‘व्हर्व्हाल’ या डच शब्दाचे इंग्रजी अर्थ

डच भाषेतील ‘व्हर्व्हाल’ या नामाच्या मुळाशी ‘व्हालन’ म्हणजे पडणे हा धातू आहे. त्यास इंग्रजीत एकच प्रतिशब्द नाही. वास्तू वा संस्था यांच्या संदर्भात ‘डिके’ अथवा ‘डिक्लाइन’, म्हणजे ऱ्हास. किरणोत्सर्गाच्या संदर्भात क्षय. नदीच्या संदर्भात ‘फॉल’, म्हणजे दोन ठिकाणांच्या जलपातळीतील फरक, असे त्याचे अर्थ होतात. कायद्यात हक्काचा ‘व्हर्व्हाल’ म्हणजे ‘लॅप्स’, हक्क संपुष्टात येणे. हुंडीचा ‘व्हर्व्हालदाख’ मात्र ‘मॅच्युरिटी’चा, म्हणजे रक्कम देय होण्याचा दिवस होय. तेथे ‘एक्स्पायरी’ असे भाषांतर केल्यास, ज्या दिवशी येणे वसूल करावयाचे त्याच दिवशी ते बुडाले, असा विपरीत अर्थ निघतो. म्हणून ‘व्हर्व्हाल’ कशाचा, हे पाहिल्यावाचून प्रतिशब्द योजू नये.