जुन्या गिटारीची साक्ष

मिरजेचा जुना तंबोरा नव्याहून गोड बोलतो, ही समजूत आपल्याकडील गाणाऱ्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. अमेरिकेंत हीच श्रद्धा गिटारीविषयीं आढळते. 1833 मध्यें न्यूयॉर्क येथें सुरू झालेला मार्टिन घराण्याचा कारखाना पुढें पेनसिल्व्हेनियांतील नाझरेथ गांवीं स्थिरावला. त्या कारखान्यांत दुसऱ्या महायुद्धापूर्वीं घडलेल्या ‘डी-28’ या गिटारीसाठीं रसिक आज लाखों रुपये मोजतात. परंतु वाद्य दूर देशीं आणि घेणारा आपल्या घरीं. तेव्हां दोन गिटारींचीं ध्वनिमुद्रणें ऐकून निवाडा करण्याची वहिवाट पडली आहे. ही साक्ष कितपत ग्राह्य मानावी?

जुन्या गिटारींचे भक्त दोन कारणें सांगतात. एक लांकडाचें: डी-28 ची पाठ व कडा त्या काळीं ब्राझील देशच्या शिसवाच्या असत, धाकट्या ‘डी-18’ च्या महागोनीच्या. दुसरें घडणीचें: वरच्या स्प्रूसच्या फळीला आंतून आधार देणाऱ्या पट्ट्या 1944 पर्यंत कोरून हलक्या केलेल्या असत. त्यामुळें फळी मोकळेपणानें कांपे. पुढें ही कोरणी बंद झाली. हीं दोनही कारणें खरीं आहेत. परंतु त्यांचा परिणाम कानाला किती जाणवतो, हा प्रश्न निराळा.

त्याचें उत्तर जुन्या तबकड्यांत शोधूं जातां फसगत होते. 1925 पूर्वीं गाणें-बजावणें कर्ण्यापुढें होई, आणि त्या यंत्राला फार खालचे व फार वरचे स्वर टिपतां येत नसत. गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें 82 वेळां कांपते. तिचा मूळ स्वर त्या तबकडीवर उमटतच नसे. आपला कान वरच्या अनुस्वरांवरून तो मनांतल्या मनांत भरून काढतो. पुढें मायक्रोफोन आला व स्थिति सुधारली; पण दुसरी अडचण राहिलीच. मेबेल कार्टर या विख्यात वादिकेची गिब्सन ‘एल-5’ ही गिटार 1928 ची. त्या सुमाराच्या तबकड्यांवर ती वाजते, तेव्हां ती कोरी करकरीत होती! म्हणजे जुनी तबकडी आपल्याला जुन्या गिटारीचा नव्हे, तर नव्या गिटारीचा आवाज ऐकविते. वयानें तिच्यांत काय पालटलें, याची साक्ष तीं मुद्रणें देऊं शकत नाहींत.

आजचीं मुद्रणें स्वच्छ असतात, पण तींही निर्दोष नव्हेत. मायक्रोफोन गिटारीच्या भोंकासमोर धरला तर खर्ज घुमतो. तोच मानेकडे सरकविला तर आवाज सडपातळ होतो. नव्या तारा लखलखीत बोलतात, वापरलेल्या तारा मंद. वाजविणाराचा हातही सुंदर वाद्य हातीं आलें म्हणजे नकळत उत्साहानें चालतो. सर्वांत लबाड गोष्ट म्हणजे आवाजाचा मोठेपणा: दोन सारख्या मुद्रणांपैकीं एक किंचित मोठें असेल, तर कान त्यालाच ‘अधिक गोड’ म्हणतो.

म्हणून साक्षीदाराची उलटतपासणी करावी. वादक, तारा, खोली व मायक्रोफोनचें अंतर एकच आहे ना, हें आधीं पाहावें. दोनही आवाज समान करून घ्यावे. तुकडे लहान घ्यावे, कारण स्वराच्या पोताची आठवण कांहीं क्षणांतच पुसट होते. मग घरांतील दुसऱ्या कोणास, नांव न सांगतां, दहा वेळां वाटेल त्या क्रमानें तीं लावावयास सांगावें. दहांत नऊ किंवा अधिक वेळां ओळख पटली तर फरक खरा समजावा; नुसत्या दैवानें तसें घडण्याचा संभव शेंकडा सुमारें एक आहे.

अशीच परीक्षा इंग्लंडांतील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनीं घेतली व 2018 मध्यें तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच कारागिराकडून एकाच घाटाच्या सहा गिटारी करविल्या. फरक फक्त पाठीच्या व कडांच्या लांकडाचा. त्यांत महाग ब्राझीली शिसव होता, आपल्याकडील शिसव होता, आणि स्वस्त लांकडेंही होतीं. मंद उजेडांत, डोळ्यांवर काळे चष्मे चढवून 52 वादकांनीं त्या वाजविल्या. सर्व गिटारींना जवळजवळ सारखेच गुण मिळाले, आणि ऐकून वा हाताळून त्या एकमेकींपासून ओळखणें वादकांना सोपें गेलें नाहीं.

यावरून जुन्या गिटारी चांगल्या नाहींत असें ठरत नाहीं. ही परीक्षा पाठीच्या लांकडाची होती. वयाची किंवा पट्ट्यांच्या कोरणीची नव्हे. शिवाय ऐंशी वर्षांत वाईट वाद्यें मोडींत जातात व चांगलींच जपलीं जातात, हेंही ध्यानांत ठेवावें. परंतु ब्राझीली शिसवाच्या नांवावर जें मोल चढतें, त्याला कानाचा आधार फारसा मिळत नाहीं.

आणि हा प्रश्न केवळ पैशाचा नाहीं. त्या नांवाच्या मोहापायीं ब्राझीलमधील तें झाड इतकें विरळ झालें कीं, 1992 मध्यें आंतरराष्ट्रीय करारानें त्याच्या व्यापारास बंदी करावी लागली. 1969 च्या सुमारास मार्टिन कारखान्यानें भारतीय शिसवाची कांस धरली. आपल्या वाड्यांतील पलंगांना व पाटांना ज्यानें शोभा आणली, तोच हा वृक्ष; आणि 2017 पासून तोही त्याच करारान्वयें नियंत्रणाखालीं आला आहे. डोळ्यांना व नांवाला भुलण्यापूर्वीं कानाला एकदां नीट विचारलें असतें, तर रानांत आणखी कांहीं झाडें उभीं राहिलीं असतीं.