जन्मभर, पण कुणाच्या?

२००६ च्या सुमारास मोबाइल कंपन्यांनी ९९९ रुपयांत ‘लाइफटाइम’ योजना काढली, तेव्हा आमच्या चाळीत पेढे वाटायचेच काय ते उरले होते! एकदा पैसे भरा, जन्मभर आलेले फोन घ्या. पण जन्म कुणाचा? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने खुलासा केला : कंपनीच्या परवान्याचा! तो कोणत्या महिन्यात संपतो, हे गिऱ्हाइकाला सांगा, असेही बजावले. वाचले कुणी म्हणा!

२०१८ च्या अखेरीस फर्मान निघाले – दर २८ दिवसांनी निदान ३५ रुपये भरा. मला वाटते, खरी मेख निराळीच. आलेल्या फोनमागे दुसऱ्या कंपनीकडून मिनिटाला १४ पैसे मिळत. ऑक्टोबर २०१७ पासून ते ६ झाले. नुसते ऐकणारे गिऱ्हाईक परवडेनासे झाले. हल्ली कुणी ‘आजीव’ म्हटले, की मी परवान्याची तारीख विचारतो. दुकानदार मला वेड्यात काढतो.