एकच फोन, घराला आणि धंद्याला : घेताना काय पाहावे?

बैल घेताना आपण शिंगांच्या रंगाला भुलत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो आणि आपले रान काळे की तांबडे याचाही विचार करतो. स्मार्टफोन घेताना मात्र पुष्कळ कुटुंबे दुकानातील चकाकी आणि जाहिरातीतला आकडा पाहून पैसे मोजतात. आज शेतकऱ्याच्या फोनमध्ये बँकेचे खाते, दुधाचा हिशेब, पिकाचे फोटो, व्यापाऱ्याचा नंबर आणि मुलांचा अभ्यास हे सर्व एकत्र असते. फोन चुकीचा निवडला तर या सर्वांनाच झळ लागते. म्हणून या अंकात फोन घेण्यापूर्वी काय पाहावे, हे आम्ही क्रमाने सांगत आहोत.

१. आधी काम ठरवा

घरी बसून एका कागदावर आपली कामे लिहा. बोलणे, व्हॉट्सॲप, यूपीआयने पैसे देणेघेणे, हवामान पाहणे, रोगट पानाचा फोटो पाठवणे, एवढीच कामे असतील तर मध्यम किमतीचा फोन पुरतो. अशा कामासाठी ६ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवण असावी. साठवण कमी असली की वर्षभरात फोटोंनी ती भरते आणि फोन अडखळू लागतो. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नये. पानावरील ठिपका जवळून स्पष्ट दिसतो की नाही, हे दुकानातच एखाद्या पानाचा फोटो काढून पाहावे.

२. आपल्या रानात रेंज कोणाची?

खानापूरकडील जंगलपट्टीत किंवा डोंगराच्या कुशीत शेत असेल तर हा प्रश्न सर्वांत मोठा. ५जी सेवा भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, पण आपल्या बांधावर ती पोहोचली नसेल तर त्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. फोन घेण्यापूर्वी शेजाऱ्यांचे निरनिराळ्या कंपन्यांचे फोन शेतात नेऊन रेंज पाहावी. रेंज कमकुवत असली की टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन अधिक शक्तीने लहरी सोडतो, बॅटरी लवकर संपते आणि फोन तापतो. बॅटरी ५००० एमएएचच्या आसपास असावी.

३. दोन सिम, दोन कामे

घर आणि धंदा एकाच फोनवर चालवायचा असेल तर दोन सिमचा फोन घ्यावा. एक नंबर बँक, आधार आणि घरच्या माणसांसाठी. दुसरा नंबर व्यापारी, डेअरी आणि गिऱ्हाइकांसाठी. बँकेचा नंबर सर्वांना वाटत फिरू नये. तो नेहमी रिचार्ज केलेला असावा, कारण बराच काळ बंद राहिलेला नंबर कंपनी काढून घेते आणि पुढे दुसऱ्या ग्राहकाला देते. काही फोनमध्ये दुसरे सिम आणि मेमरी कार्ड यांना मिळून एकच खाच असते. दोन्ही हवी असतील तर खाचा वेगळ्या आहेत काय, हे दुकानदाराला दाखवायला सांगावे. एकाच फोनवर व्हॉट्सॲपची दोन खाती चालतात, त्यामुळे धंद्याचे निरोप घरच्या निरोपांत मिसळत नाहीत.

४. ऊन, धूळ, पाणी

पडदा उन्हात दिसतो की नाही, हे दुकानाबाहेर उन्हात उभे राहूनच पाहावे. खोक्यावर आयपी ५४, आयपी ६८ असे अंक असतात. त्यांतील पहिला अंक धुळीपासूनचे संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचे. आयपी ५४ म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसेल, पण बुडालेला फोन वाचेलच असे नाही. आयपी ६८ ची चाचणी स्वच्छ पाण्यात होते. औषधाच्या पंपातील द्रावण किंवा साबणाचे पाणी ही गोष्ट वेगळी. शिवाय पाण्याने झालेली खराबी बहुधा वॉरंटीत बसत नाही. फोन ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये, कारण उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंग ताबडतोब बंद करावे.

५. स्वस्त जुने मॉडेल खरेच स्वस्त असते काय?

फोन चोरांपासून सुरक्षित राहावा म्हणून कंपनी वेळोवेळी सुरक्षा अपडेट पाठवते. ही वर्षे बहुधा मॉडेल बाजारात आले त्या दिवसापासून मोजतात, आपण विकत घेतले त्या दिवसापासून नव्हे. तीन वर्षे अपडेट मिळणारे मॉडेल दोन वर्षांपूर्वी आलेले असेल तर आपल्या वाट्याला एकच वर्ष उरते. ज्यातून पैशांची देवघेव करायची, तो फोन अपडेटविना वापरणे म्हणजे कडी नसलेल्या दारामागे तिजोरी ठेवणे होय.

जुना वापरलेला फोन घेत असाल तर *#०६# दाबून त्याचा आयएमईआय क्रमांक पाहावा. मग ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे, मोकळी जागा आणि तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवावा. फोनची नोंद कळते. बिलाशिवाय फोन घेऊ नये.

६. हप्त्यांचे गणित

समजा, फोनची किंमत १५,००० रुपये. दुकानदार म्हणतो, ‘महिना फक्त १,४५०.’ असे बारा हप्ते म्हणजे १७,४०० रुपये. त्यात ५०० रुपये प्रक्रिया शुल्क धरले की १७,९००, म्हणजे २,९०० रुपये जादा. तेवढ्यात बियाण्याचा काही खर्च भागला असता. दुधाचे पैसे दर पंधरवड्याला येतात, पण पिकाचे वर्षातून एकदोनदाच, हेही हप्ता घेताना लक्षात असावे. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला प्रभू येशूने दिला आहे (लूक १४). तो फोनलाही लागू आहे.

७. आरोग्य

भारतात फोनच्या लहरींची मर्यादा, म्हणजे ‘सार’, १.६ वॅट प्रतिकिलो आहे. पुष्कळ फोनवर *#०७# दाबल्यास हा आकडा दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कर्करोगास कदाचित कारणीभूत’ या गटात ठेवले. याचा अर्थ शंका आहे, सिद्धता नाही. घाबरण्याचे कारण नाही, पण रेंज कमी असताना लांबलचक बोलणे टाळावे आणि स्पीकर वापरावा. उशीखाली फोन ठेवून चार्जिंग करू नये. एक वर्षापर्यंतच्या बाळाला पडदा मुळीच दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको, असे त्याच संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. रडणाऱ्या मुलाच्या हाती फोन देऊन शांतता विकत घेणाऱ्या आईबापांनी याचा विचार करावा.

८. फोन घरी आल्यावर

पहिल्याच दिवशी पडद्याला कुलूप लावावे आणि यूपीआयचा पिन त्याहून वेगळा ठेवावा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो फक्त पैसे देण्यासाठी लागतो. ही गोष्ट घरातील म्हाताऱ्यांना दोनदा समजावून सांगावी. लग्नपत्रिका किंवा ‘पीएम किसान’ अशा नावाने आलेली ‘एपीके’ फाइल उघडू नये. फसवणूक झाल्यास लाज न बाळगता लगेच १९३० ला फोन करावा, कारण जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी. फोन हरवल्यास सरकारच्या संचार साथी सेवेतून तो बंद करता येतो. त्यासाठी आयएमईआय क्रमांक घरच्या वहीत लिहून ठेवावा.

दोन ॲप शेतकऱ्याने अवश्य घ्यावीत. हवामानाच्या सल्ल्यासाठी मेघदूत, आणि विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे दामिनी. वळवाच्या पावसात रानात असलेल्या माणसाला वेळेवर मिळालेला इशारा फोनच्या किमतीहून मोलाचा ठरतो. दामिनीसाठी फोनचे लोकेशन आणि इंटरनेट चालू असावे लागते.

वरील आठ गोष्टी कागदावर उतरवून दुकानात न्याव्यात. एकट्याने जाऊ नये, घरातील शिकलेल्या मुलामुलीला बरोबर न्यावे. आणि पहिल्याच दुकानात पाकीट उघडू नये.