बोर्डावरचा एक शब्द आणि गेलेलं गिऱ्हाईक

सवला गरम पाण्याची कुंडं बघायला बाहेरगावचे लोक येतात. आमचं दुकान रस्त्यापासून चार पायऱ्या उतरून. म्हणून मी बोर्ड लावला, 'दुकान खाली आहे'. एक हिंदी बोलणारं कुटुंब थांबलं, बोर्ड वाचला आणि निघून गेलं. समोरचा चहावाला म्हणाला, "दादा, त्यांना वाटलं दुकान रिकामं आहे!" हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामं.

दोन्ही भाषांची लिपी देवनागरी, अर्थ मात्र वेगळा. आपण '२०% सूट' लिहितो. हिंदीत सवलतीला 'छूट' म्हणतात. 'सूट' म्हणजे अंगात घालायचा! युरोपातही हेच. 'गिफ्ट' इंग्रजीत भेटवस्तू, त्याच स्पेलिंगचा जर्मन शब्द म्हणजे विष.

मग करायचं काय? मराठी पुसू नका. सोबत बाण दाखवा, भाव आकड्यांत लिहा: ५०० ची वस्तू ४०० ला. आणि बोर्ड छापायच्या आधी हिंदी बोलणाऱ्या एकाला तरी वाचायला देऊन विचारा, "काय समजलं?" हे फुकटात होतं. मी विचारलं नव्हतं, म्हणून बोर्डाचा खर्च दोनदा झाला.

तुमचा बोर्ड आजच वाचून बघा!