रिळातली पोलादी गोटी

कागल सोडून दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटक लागतं आणि लगेच कोगनोळीचा टोलनाका येतो. नाका दिसायला लागला की जुन्या मारुती आठशे, झेन, ओम्नी अशा गाड्यांत एकच हालचाल सुरू होते. ड्रायव्हरचा हात खांद्यामागे जातो आणि पट्टा ओढला जातो. कुणाचा लॉकमध्ये बसतो, तर कुणाचा नुसताच मांडीखाली दाबून ठेवलेला असतो, कारण लॉक कधीचंच बिघडलेलं असतं. नाका मागे पडला की पट्टा पुन्हा सैल. पुढे निपाणी, मग तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी आणि बेळगाव हा सगळा वेगाचा रस्ता तसाच बिनपट्ट्याचा पार होतो.

आमच्या सीमाभागात गाडी मोडीत काढायची कुणाला घाई नसते. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि लेथकाम करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले आहेत. ऑटोनगरात इंजिन उतरवून पुन्हा चढवणं हे रोजचं काम. मारुती आठशेचं उत्पादन 2014 च्या जानेवारीत बंद झालं, तरी केए-22 आणि केए-23 पाटीच्या आठशे अजून तंबाखूच्या शेतापासून बाजारापर्यंत धावताना दिसतात. जे मोडलं ते जुळवायचं आणि जे मिळत नाही ते करून घ्यायचं, या वृत्तीचा मला मनापासून अभिमान आहे. पण याच गाडीत एक वस्तू अशी आहे, जिथे या कारागिरीने हात आखडता घ्यायला हवा. ती म्हणजे सीटबेल्ट.

क्लच घसरायला लागला की लगेच कळतं, ब्रेक झिजले की आवाज देतात, बॅटरी उतरली तर गाडी सुरूच होत नाही. पट्टा मात्र वीस वर्षं गप्प बसून असतो. त्याचं खरं काम एकदाच येतं, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. म्हणून ‘चालतंय की’ हे उत्तर त्याच्या बाबतीत पुरत नाही. तो रोज चालतो तेव्हा खरं म्हणजे काहीच करत नसतो.

हे यंत्र एकदा उघडून बघावं असं आहे. पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधल्या खांबावरचं प्लास्टिक काढलं की तळाशी बोल्टने आवळलेलं एक रीळ दिसतं. रिळाच्या एका बाजूला टोपणाखाली चपट्या पोलादी पट्टीची कमान गुंडाळलेली असते. सोडलेला पट्टा आत ओढून घेते ती हीच. दुसऱ्या बाजूला एक दातेरी चाक असतं आणि त्याच्याखाली उथळ वाटीत ठेवलेली पोलादाची गोटी. गाडी एकदम थांबली की वाटी गाडीबरोबर थांबते, गोटी मात्र पुढे जायला बघते. ती वाटीच्या काठावर चढते, वरचा पातळ खटका उचलते आणि खटक्याचं टोक चाकाच्या दातात जातं. मग पुढे झुकणाऱ्या माणसाच्या ओढीनंच जाड लोखंडी आडणा रिळात बसतो आणि पट्टा जागच्या जागी थांबतो. काही रिळांत गोटीऐवजी छोटा लोलक असतो, तत्त्व मात्र तेच. यात वीज नाही, वायर नाही, सेन्सर नाही.

दुसरी राखण पट्ट्याच्या वेगावर असते. पट्टा हिसड्याने ओढला तर रिळाच्या आतली चकती मागे पडते आणि तीही खटका लावते. गॅरेजमध्ये एक तक्रार नेहमी ऐकू येते, “काय वो मेस्त्री, हिसडा दिला की पट्टा अडकतंय बघा.” हिसडा दिल्यावर अडकतो तो पट्टा शाबूत आहे. काळजी करायची ती जो कसाही ओढला तरी अडकत नाही त्याची.

युरोपीय नियमांनी याची मापं बांधून दिली आहेत. गाडीचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या 0.45 पट दराने घटला की रीळ अडकलं पाहिजे. ते 12 अंशांपर्यंत कललं तर अडकता कामा नये आणि 27 अंशांपलीकडे कललं तर अडकायलाच हवं. आमच्याकडे एक घोटाळा होतो तो इथेच. ठोकर बसलेली गाडी डेंटिंग-पेंटिंग होऊन येते, रंग आरशासारखा असतो, पण खांब सरळ करताना रीळ जरा तिरकं आवळलेलं असतं. मग गोटी कायमची काठावर आणि पट्टा कायमचा अडकलेला. यावर काही ठिकाणी गोटीच काढून टाकतात. पट्टा मऊसूत चालायला लागतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि त्या पट्ट्याची पहिली राखण मात्र गेलेली असते. रीळ सरळ बसवणं हाच यावरचा इलाज आहे.

बोल्टचंही तसंच. जगातल्या बहुतेक गाड्यांत सीटबेल्टचा बोल्ट 7/16 इंचाचा, इंचाला 20 आट्यांचा आणि कडक पोलादाचा असतो. हार्डवेअरच्या दुकानातला मिलिमीटरचा बोल्ट त्या भोकात दोन आटे जातो आणि मग पान्ह्याने जबरदस्तीने बसवला जातो. वरून बघणाऱ्याला फरक दिसत नाही. खानापूरकडच्या पावसात राहिलेल्या गाडीत बोल्ट खरा असतो, पण ज्या पत्र्यात तो रुतलेला असतो तोच खालून सडलेला असतो. जुनी गाडी घेताना बॉनेट उघडून बघणारे खूप असतात. दारापाशी गुडघे टेकून पट्ट्याच्या मुळाशी टोचून बघणारा क्वचितच.

पट्टा आत जाईना झाला की कमान गेली असं सरसकट सांगितलं जातं. बहुतेक वेळा कमान ठीक असते. पट्टा पॉलिएस्टरचा, साधारण पावणेपाच सेंटिमीटर रुंद. तो खांद्याजवळच्या कडीतून जातो आणि वर्षानुवर्षांचा घाम, खोबरेल तेल आणि धूळ त्या कडीत मेणासारखी साठते. निपाणीकडच्या गाडीत त्यात तंबाखूची भुकटीही असते. पट्टा पूर्ण बाहेर ओढून चिमट्याने धरून ठेवावा, कोमट पाण्यात साधा साबण घेऊन फडक्याने पुसावा, कडी घासून काढावी आणि पूर्ण सुकल्यावरच आत सोडावा. पट्ट्याला तेल, ग्रीस, ब्लीच किंवा रंग यातलं काहीही लावू नये. एवढ्याने बरेच पट्टे पुन्हा आपणहून आत जायला लागतात.

पण साफसफाई इथे संपते. टोपण उघडून कमानीला हात घालू नये. ती ताणलेली असते, सुटली तर बोट कापते आणि पुन्हा त्याच फेऱ्यांत बसवणं गॅरेजमध्ये जमत नाही. काठ विरलेला पट्टा चांभाराकडे किंवा सीटकव्हरवाल्याकडे शिवून घेऊ नये. त्या पट्ट्याला सुमारे दीड टन ओढ सोसायची असते, ती घरगुती शिवण सोसत नाही. मोठ्या अपघातातून गेलेला पट्टा धडधाकट दिसला तरी त्याचे धागे एकदा ताणले गेलेले असतात, तोही रिळासकट बदलायचा. स्क्रॅपमधून आणलेला पट्टा स्वस्त मिळतो, पण तो कुठल्या गाडीतून आणि कशा अवस्थेत निघाला हे कोण सांगणार? पट्ट्याच्या मुळाशी शिवलेल्या लेबलवर बनावटीची तारीख असते, निदान ती वाचावी.

हा तीनटोकी पट्टा स्वीडनचा. विमानात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम केलेल्या निल्स बोहलिन या इंजिनिअरने व्होल्वोसाठी तो तयार केला आणि 1959 साली तो गाडीत आला. व्होल्वोने पेटंट इतरांनाही खुलं ठेवलं. लोक पट्टा लावत नाहीत हे दुखणं मात्र सगळीकडचंच. अमेरिकेत 1984 साली सरकारने ठरवलं की माणसाने काही न करताही त्याचं रक्षण झालं पाहिजे. 1987 च्या मॉडेलांपासून हा नियम टप्प्याटप्प्याने लागू झाला. त्यासाठी अनेक कंपन्यांनी मोटरवर चालणारा पट्टा दिला. दार लावून किल्ली फिरवली की दारावरच्या रुळातून एक सरकती कडी मागे यायची आणि पट्टा आपोआप खांद्यावर बसायचा. टोयोटा क्रेसिडात तो 1981 सालीच आला होता. पुढे जुन्या फोर्ड एस्कॉर्ट नि कॅमरी स्वस्तात घेऊन तिकडे शिकणाऱ्यांना या पट्ट्याने बरंच सतावलं. रुळातली दातेरी पट्टी तुटायची, टोकाचे स्विच बिघडायचे, मोटर नुसतीच घूं घूं करायची आणि कडी समोरच्या काचेजवळ अडकून पडायची. तिथे अडकलेला पट्टा निरुपयोगी. मोटर हाताने फिरवून कडी मागच्या टोकाला आणून ठेवायची आणि खांद्याजवळच्या आणीबाणीच्या लॉकने पट्टा रोज हाताने लावायचा, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. त्याहून मोठा दोष म्हणजे कमरेचा पट्टा वेगळा आणि हाताने लावायचा असे. खांद्यावर पट्टा आपोआप आला की लोक कमरेचा विसरत. टक्करीत शरीर खालून सरकायचं आणि मार मानेला नि पोटाला बसायचा. पुढे 1998 च्या मॉडेलांपासून तिथल्या गाड्यांत पुढच्या एअरबॅगा सक्तीच्या झाल्या आणि मोटरचे पट्टे इतिहासजमा झाले.

आपल्याकडे हे पट्टे आले नाहीत, पण नियमावर तोडगे निघालेच. 2019 च्या जुलैपासून नव्या गाड्यांत पट्टा न लावल्याची सूचना देणारा आवाज सक्तीचा झाला, तर तो बंद करायच्या क्लिपा विकायला आल्या. 2023 च्या मे महिन्यात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्यांना त्या काढायला लावल्या. अशा तेरा हजारांवर जाहिराती उतरवल्या गेल्या.

ताशी 60 किलोमीटरने जाणारं शरीर एकदम थांबणं म्हणजे चौदा मीटरवरून जमिनीवर पडणं. हे गणित मागच्या सीटलाही तेवढंच लागू आहे. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता.

पुढच्या सीटचे पट्टे आपल्याकडे 1994 पासून आणि मागचे 2002 पासून सक्तीचे आहेत. म्हणजे रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत मागचे पट्टे आहेतच. आमच्याकडे मात्र नवी गाडी आली की पहिलं काम सीटकव्हर चढवायचं, आणि मागचे लॉक त्या कव्हरखाली गाडले जातात. आजी, सुना, शाळेतली पोरं सगळी त्याच सीटवर बसतात. मागची गादी उचलून लॉक शोधून काढा, त्यात अडकलेले शेंगदाणे नि नाणी झटका आणि कव्हरवाल्याला तिथे काप देऊन काठ दुमडून शिवायला सांगा. संकेश्वर असो वा बेळगावचा खडेबाजार, कुठलाही कव्हरवाला ते उभ्या उभ्या करून देतो.