कोणत्या कामाला कोणतं एआय?

गैरसमज : चॅटजीपीटी म्हणजे जास्त हुशार गूगल.

न्यूयॉर्कमधल्या एका वकिलाची हीच समजूत होती. एव्हिआंका या विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात त्यानं चॅटजीपीटीनं सुचवलेले निवाडे दाखल केले. त्यातले सहा अस्तित्वातच नव्हते. ते खरे आहेत का, हेही त्यानं चॅटजीपीटीलाच विचारलं होतं आणि 'हो' ऐकून तो निर्धास्त झाला होता. जून २०२३ मध्ये त्याला, त्याच्या सहकाऱ्याला आणि त्यांच्या फर्मला मिळून पाच हजार डॉलर दंड झाला. भाषेचं मॉडेल पुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधत वाक्य रचतं, त्यामुळे खोटा संदर्भही तितक्याच ठामपणे लिहितं. म्हणून निवाडा किंवा शासन निर्णय हवा असेल, तर थेट मूळ संकेतस्थळावर जावं. कागदपत्रं हाताशी असतील, तर नोटबुकएलएम हे एआय साधन बरं. आपण दिलेल्या कागदांच्या आधारे ते उत्तर देतं आणि कुठला उतारा वापरला तेही दाखवतं. तो उतारा उघडून वाचायलाच हवा.

साधन निवडताना मी आधी एवढंच बघते : चूक झाली तर ती मला दिसेल का? पत्राच्या मसुद्यात ती लगेच दिसते, म्हणून तिथे चॅटबॉट खुशाल वापरावा.

गैरसमज : यंत्र आहे, बेरीज कशी चुकेल?

चुकते. पगारपत्रक एक्सेलमध्येच करावं. सूत्र एआयकडून लिहून घ्यावं आणि दोन-चार ओळी हातानं ताडून पाहाव्यात.

गैरसमज : बोलणं टिपणारं साधन ऐकेल तेवढंच लिहितं.

ओपनएआयच्या 'व्हिस्पर' या अशाच साधनावरच्या २०२४ च्या अभ्यासात सुमारे एक टक्का ध्वनिफितींच्या मजकुरात कुणीच न बोललेले शब्द किंवा वाक्यं सापडली. बोलताना जास्त थांबणाऱ्यांच्या बाबतीत हा धोका अधिक होता. इतिवृत्तातले ठराव, नावं आणि रकमा तरी मूळ ध्वनिफीत ऐकून तपासाव्यात.

गैरसमज : कार्यालयातला मजकूर टाकला तर काय बिघडतं?

२०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी गोपनीय सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीनं अशा साधनांवर बंदी घातली. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या अर्थ मंत्रालयानंही कार्यालयीन संगणकांवर ती वापरू नका, असं बजावलं. निविदेचे दर, आधार क्रमांक, रुग्णांची माहिती वैयक्तिक मोफत खात्यात कधीच टाकू नये. कार्यालयानं करार करून खातं घेतलं असेल, तरी त्यात काय टाकायला परवानगी आहे हे आयटी विभागाकडून लेखी घ्यावं.